सांधा, हात आणि उस्तादाचे मौन

भिलाईविषयी लिहू लागले की आकडे आपोआप मोठे होत जातात. सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. आज येथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो आणि असे दोन रूळ जोडून २६० मीटरांचा एक रूळ रेल्वेला दिला जातो. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे पोलाद ज्या कारखान्यांतून गेले, त्यांत बोकारो आणि राउरकेलाबरोबर भिलाईही आहे. या गावाला अशा आकड्यांचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे.

मला मात्र येथे एका फार लहान आकड्याविषयी लिहायचे आहे. तो आहे सुमारे तीन मिलिमीटर.

हाताने विजेचे वेल्डिंग करताना कांडीचे टोक आणि धातूचा पृष्ठभाग यांच्यामध्ये जे अंतर राखावे लागते, ते साधारणपणे कांडीच्या आतील तारेच्या जाडीइतके असावे, असा नियम आहे. नेहमीच्या वापरातली कांडी ३.१५ मिलिमीटरची असते. अंतर वाढले तर ठिणग्या उडतात, हवा आत शिरते आणि सांध्यात छिद्रे राहतात. कमी झाले तर कांडी चिकटून बसते. त्यात कांडी क्षणोक्षणी जळून आखूड होत असते, म्हणजे हात आडवा सरकत असतानाच तो तितक्याच वेगाने खालीही आला पाहिजे. कांडीचा कोन मात्र बदलता कामा नये. हे सारे काळ्या काचेआडून, जाड हातमोजे घालून, कित्येकदा डोक्यावरच्या जोडाकडे मान वर करून करायचे. सुईत दोरा ओवणाऱ्या बोटांना आपण कुशल म्हणतो. वेल्डरच्या मनगटाला तसे म्हणण्याची आपल्याला सवय नाही, कारण तो धुराने माखलेला असतो.

हे कौशल्य कसे येते? त्याहून नेमका प्रश्न असा, की शिकणाऱ्याला त्याची चूक केव्हा, कितीदा आणि कोणी सांगावी? प्रश्न वर्गखोलीतला वाटतो. पण ज्या देशात कौशल्यविकासावर हजारो कोटी खर्च होणार आहेत, तेथे तो राष्ट्रीय महत्त्वाचा आहे.

भिलाईतील एका प्रशिक्षण कार्यशाळेत गेल्या हिवाळ्यात मी काही तास बसलो होतो. शेजारशेजारच्या दोन ओळींत दोन शिक्षक होते. पहिला अतिशय कळकळीचा. मुलाच्या खांद्यामागे उभा राहून तो अखंड बोलत असे. हात खाली घे, कोन बघ, हळू, आता जरा पुढे. मुलगा ऐकत असे आणि हात त्याप्रमाणे हलत असे. त्या ओळीतील सांधे दिसायला सुबक होते. दुसरा शिक्षक वयस्कर. तो कांडी पूर्ण जळेपर्यंत एक शब्द बोलत नसे. मुलाने काच वर केली की त्याच्या हाती छोटी हातोडी देई, वरची खपली झाडायला लावी आणि विचारी, बेटा, कुठे बिघडले? मुलगा बोट ठेवी. कधी बरोबर, कधी चूक. मग हा दोन वाक्ये बोले. कधी तीही नाही. नुसती नवी कांडी पुढे करी. त्याच्या ओळीतील सांधे त्या दिवशी ओबडधोबड होते, हे मान्य केले पाहिजे. तपासणीसाठी अधिकारी आला असता, तर त्याने पहिल्या शिक्षकाची पाठ थोपटली असती.

मानसशास्त्रातील जवळपास शंभर वर्षांचे संशोधन मात्र दुसऱ्या शिक्षकाकडे अधिक झुकते.

सुरुवातीला ते तसे झुकत नव्हते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने १९२७च्या सुमारास लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना ठरावीक लांबीच्या रेघा काढायला लावल्या. कोणी काही सांगितले नाही, तर शेकडो रेघांनंतरही सुधारणा नाही. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढे सांगितले की सुधारणा दिसते. १९३२ मध्ये ट्रोब्रिज आणि केसन यांनी तोच प्रयोग तीन इंचांच्या रेघेवर पुढे नेला. रेघ नेमकी किती चुकली हे ज्यांना सांगितले, त्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. निष्कर्ष उघड होता: नुसता सराव पुरेसा नाही, चूक कळली पाहिजे, आणि ती जितकी नेमकी कळेल तितके बरे. यावरून पुढची समजूत सहज रूढ झाली, की जितक्या वेळा आणि जितक्या लवकर सांगाल तितके शिक्षण उत्तम. आपली बहुतेक प्रशिक्षणकेंद्रे आजही याच समजुतीवर चालतात. अर्थात जेथे सांगायला शिक्षक असतो तेथे.

१९८४ मध्ये साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघांनी तोवरचे सारे प्रयोग पुन्हा तपासले आणि एक साधी शंका उपस्थित केली. बहुतेक संशोधकांनी सरावाच्या वेळचीच कामगिरी मोजली होती. सांगणारा समोर असताना हात चांगला चालतो, हे त्यातून सिद्ध झाले. तो निघून गेल्यावर काय उरते, हे फारसे कोणी पाहिले नव्हते. १९९० मध्ये कॅरोलिन विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी ते पाहिले. हाताच्या एका ठरावीक हालचालीचा सराव करताना एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितली. दुसऱ्याला निम्म्याच प्रयत्नांनंतर, तीही आरंभी अधिक आणि मग उतरत्या प्रमाणात. सराव संपला, सांगणे बंद झाले आणि नंतर पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा निम्मे ऐकलेला गट पुढे निघाला.

असे का व्हावे? आपल्याकडे ‘गिरवणे’ हा शब्द आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलाचा हात धरून धूळपाटीवर अक्षर गिरवून घेत. हात धरलेला असेपर्यंत अक्षर वळणदार येई. हात सोडला की ‘अ’चा काना भलतीकडेच जाई. शिक्षकाचा अखंड आवाजही एक प्रकारे धरलेला हातच असतो. वेल्डिंग करणाऱ्यापुढे स्वतःची अशी माहिती सतत येत असते. वितळलेल्या रसाचे तळे गोल आहे की लांबट, त्याच्या कडा जुन्या धातूत मुरताहेत की वरच थबकल्या आहेत, आवाज सलग तळणीसारखा आहे की फटफटता, मनगटाला ओढ किती लागते आहे. कारखान्यात एकट्याने काम करताना हीच माहिती त्याच्या सोबतीला असणार. परंतु खांद्यामागून कोणी तयार उत्तर देत असेल, तर नवशिका हे सारे वाचायचे कष्ट कशाला घेईल? तो उस्तादाचा आवाज ऐकायला शिकतो. कांडीचा आवाज ऐकायला शिकत नाही. शिवाय प्रत्येक कांडीला दुरुस्ती सुचवली की हात प्रत्येक वेळी थोडा बदलतो आणि स्थिर असे काही बसतच नाही.

स्टीफन स्विनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हेही १९९० मध्येच, आणखी एक गोष्ट दाखवली. हालचाल संपताक्षणी चूक सांगण्यापेक्षा काही सेकंद थांबून सांगितलेली बरी, आणि त्या अवकाशात शिकणाऱ्याने आपल्या चुकीचा स्वतः अंदाज बांधला तर अधिकच बरे. आमचा वयस्कर शिक्षक खपली झाडायला लावत होता, तो वेळ असाच भरलेला होता. त्याने हे शोधनिबंध वाचले असतील असे मला वाटत नाही. त्याला कोणी त्याची पद्धत लिहून काढायला सांगितली असेल, असेही वाटत नाही. आपल्या देशात हाताने काम शिकवणाऱ्यांकडून पुस्तके लिहून घेण्याची रीत नाही.

यावरून गप्प बसणे म्हणजेच उत्तम शिकवणे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो सोयीचा आहे म्हणूनच धोक्याचा आहे. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बर्फावरच्या घसरणीचा आभास देणाऱ्या यंत्रावर प्रयोग केला. साऱ्या शरीराचा तोल सांभाळावा लागणाऱ्या त्या गुंतागुंतीच्या कामात वारंवार सांगण्याने नुकसान न होता फायदाच झाला. कमी सांगण्याचा परिणाम आरंभीच्या संशोधकांना वाटला तितका ठोस नसावा, अशी टीकाही अलीकडच्या फेरतपासण्यांत झाली आहे. पहिल्या आठवड्यात मुलाला कांडी पेटवता येत नसते. ती चिकटते, तो घाबरतो. तेव्हा जवळ उभे राहून बोललेच पाहिजे. डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा होणारी चूक असेल, तर क्षणाचाही विलंब नको. नंतर मात्र बोलणे पायरीपायरीने कमी व्हावे. किती आणि केव्हा, हे त्या मुलाकडे पाहून ठरते. याचे वेळापत्रक मंत्रालयातून येऊ शकत नाही.

सांगणारा माणूस असावा की यंत्र, हाही प्रश्न येथे येऊन भिडतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना टाके घालणे आणि गाठ मारणे शिकवले गेले. काही गटांना त्यांच्या हातांच्या हालचाली किती काटकसरीच्या झाल्या, याचे संगणकाने मोजलेले आकडे मिळत. एका गटाशी जाणता शल्यविशारद थोडक्यात बोलत असे. शिकताना सगळेच सुधारले. एका महिन्यानंतर मात्र ती सुधारणा टिकली ती शल्यविशारदाच्या गटात. आकडा काय झाले ते सांगतो. त्यावर पुढे काय करावे, हे विद्यार्थ्याला आकड्यातून वाचता येईलच असे नाही.

आता धोरणाकडे वळू. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआयच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांपैकी ३० हजार कोटी केंद्राचे, २० हजार कोटी राज्यांचे आणि १० हजार कोटी उद्योगांचे. पाच वर्षांत एक हजार सरकारी आयटीआय सुधारायच्या आहेत आणि २० लाख तरुणांना कुशल करायचे आहे. रक्कम मोठी आहे आणि निर्णय स्वागतार्ह आहे. इतकी वर्षे या संस्थांकडे शिक्षणव्यवस्थेची मागील दारची पडवी म्हणून पाहिले गेले. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना येथील राष्ट्रीय संस्थांची क्षमता वाढवण्याचा त्यात समावेश आहे, हे मला या योजनेचे सर्वांत मोलाचे अंग वाटते. परंतु सरकारी खर्चाला एक स्वभाव असतो. यंत्र विकत घेता येते, त्याची निविदा निघते, त्याच्यापुढे फीत कापता येते. शिक्षकाने केव्हा गप्प राहावे याची निविदा निघत नाही.

म्हणूनच वेल्डिंगच्या आभासी यंत्रांविषयी दोन शब्द. डोक्यावर पडदा असलेली टोपी, हातात खोटी कांडी, समोर आभासी सांधा. लोखंड, कांड्या आणि वीज वाचते. हात भाजत नाही. मुलगा निर्धास्तपणे शंभरदा चुकू शकतो. हे फायदे खरे आहेत. पण पडद्यावर अंतर, कोन आणि वेग दाखवणाऱ्या रंगीत खुणा असतात आणि शेवटी गुणही झळकतात. मुलगा हिरव्या खुणेकडे पाहून हात सांभाळतो, गुण चढत जातात आणि सगळे खूश होतात. खऱ्या काचेआड हिरवी खूण नसते. अशा यंत्रांत या खुणा बंद करण्याची सोय असते. ती वापरायची की नाही आणि कितव्या दिवसापासून, हे यंत्रासोबत आलेल्या माहितीपुस्तिकेवर सोडता येणार नाही. खुणा चालू ठेवल्या की निकाल चांगले दिसतात, आणि चांगले निकाल सर्वांनाच हवे असतात. संस्थेला, पुरवठादाराला, मंत्र्यालाही.

परीक्षेचेही तेच. प्रशिक्षण संपताच प्रात्यक्षिक परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. त्या दिवशीचा हात मोजला जातो. महिन्याभराने, वेगळ्या लोखंडावर, कोणी जवळ नसताना तोच हात कसा चालतो, याची नोंद प्रशिक्षण देणाऱ्याकडे परत येत नाही. चांगला सांधा शिकवण्यासाठी ज्या माहितीची गरज मुलाला असते, तिचीच गरज शिक्षकालाही असते. त्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढण्याची तजवीज आपण केलेली नाही.

मात्र अति सांगण्याची चर्चा ही एका अर्थाने भाग्यवंतांची चर्चा आहे. भिलाईत ज्यांच्या वाट्याला सांगणे येतच नाही, त्यांची संख्या बरीच मोठी आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी अनेक वर्षे या शहराचा अभ्यास करून २०२० मध्ये ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील माणसे ‘नोकरी’ आणि ‘काम’ या दोन शब्दांत जो फरक करतात, तो त्या ग्रंथाच्या मुळाशी आहे. पोलाद कारखान्याच्या पटावर असणे ही नोकरी. तिला क्वार्टर, दवाखाना, शाळा आणि रीतसर प्रशिक्षण जोडलेले. ठेकेदाराकडे रोजाने जाणे हे काम. याच कंत्राटी मजुरांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. त्यानंतरच्या तीन दशकांत नोकरीचा पट आक्रसत गेला आणि काम पसरत गेले.

‘कामा’त वेल्डिंग शिकणे म्हणजे आधी हेल्पर म्हणून वर्ष-दोन वर्षे केबल ओढणे, कांड्या देणे, खपली झाडणे. जेवणाच्या सुटीत उस्ताद पान खायला गेला की भंगाराच्या तुकड्यावर दोन कांड्या जाळून पाहायच्या. कोणी दाखवत नाही. चूक झाली की शिवी मिळते किंवा रोज कापला जातो. बरोबर झाले की काहीच घडत नाही. ब्राझीलच्या सुझेते शिव्याकोव्स्की आणि गाब्रिएले वुल्फ यांनी २००२ मध्ये शिकणाऱ्यांनाच विचारले, की तुम्हाला आपला निकाल केव्हा जाणून घ्यावासा वाटतो? बहुतेकांचे उत्तर होते: प्रयत्न चांगला झाला असे वाटते तेव्हा. केव्हा सांगायचे याची निवड शिकणाऱ्याच्या हाती दिली, तर कौशल्य अधिक चांगले मुरते, असेही अशा प्रयोगांतून दिसले होते. हेल्परच्या जगात विचारण्याची मुभाच नसते, आणि सांगितले जाते ते फक्त बिघडल्यावर. एवढे असूनही यांतून उत्तम वेल्डर घडतात, याचे मला कौतुक वाटते. पण त्या कौतुकाआड किती जण अर्ध्यावर गळाले असतील, तेही नजरेआड करू नये. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आहे. ज्याचा हात आधीच बसलेला आहे, त्याला नवी अवजारे ओळखीची करून द्यायला ते पुरेल. हात बसवायला पुरणार नाही.

या प्रश्नाची सर्वांत जोखमीची बाजू भिलाईच्या वेशीबाहेर, रूळमार्गावर दिसते. कारखान्यात २६० मीटरांचा रूळ जोडला जातो तो यंत्राने. पुढे प्रत्यक्ष मार्गावर हे लांब रूळ एकमेकांना जोडताना फिरती यंत्रे वाढत असली, तरी थर्मिट पद्धतीचे हाताचे जोडकामही चालतेच. दोन रुळांमध्ये २५ मिलिमीटरची फट ठेवायची, भोवती साचा बसवायचा, ज्योतीने टोके तापवायची, वर मुशीतील मिश्रण पेटवून वितळलेले पोलाद साच्यात सोडायचे. किती तापले, साचा नीट बसला का, मुशीतला रस केव्हा सोडायचा, यांत आजही डोळा आणि हात यांवर बरेच काही अवलंबून असते. आणि तेही गाड्यांच्या वेळापत्रकातून मिळालेल्या तुटपुंज्या वेळात. सांधा थंड झाल्यावर घासून सारखा करतात, पट्टी लावून सरळपणा पाहतात आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने आतील दोष तपासतात. वेल्डरच्या दृष्टीने हे सारे सांगणे काम संपल्यावरचे. काही सांधे ही तपासणी पार करतात आणि पुढे कधीतरी, थंडीत रूळ आकसला की, तडकतात. गस्तीवरच्या माणसाला ती तडा वेळेत दिसली, तर बातमी होत नाही.

त्या सांध्याजवळ महिना, वर्ष, काम करणारी संस्था, सांध्याचा क्रमांक आणि वेल्डरचा संकेतांक नोंदवण्याचा नियम रेल्वेत आहे. दोष निघाला तर जबाबदारी कोणावर, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. तीच खूण उलट दिशेनेही वाचता येईल. अमुक संकेतांकाचे इतके सांधे पाच वर्षे भक्कम राहिले, इतके तडकले, तडकलेल्यांत दोष बहुतेक साचा बसवण्यात होता की तापवण्यात, हे त्या वेल्डरला आणि त्याला शिकवणाऱ्या संस्थेला वर्षातून एकदा कळवायचे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. नोंदी आहेत, माणसे आहेत, टपालही आहे. साठ हजार कोटींच्या योजनेत अशा पत्रव्यवहाराला किती खर्च येईल, याचा हिशेब रेल्वे मंत्रालय आणि कौशल्यविकास मंत्रालय यांनी एकदा एकत्र बसून करावा.